दात सरकतो कसा? हाडाच्या जमाखर्चाची गोष्ट

वर्षावासातील एक रविवार. पांढरकवड्यातील आमच्या वस्तीच्या विहारात वंदना झाली होती, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचनही आटोपले होते. मुले खिरीच्या भांड्याकडे पळाली आणि महिला मंडळाच्या बाया सतरंज्या गुंडाळू लागल्या. तेवढ्यात एक माउली आमच्याजवळ येऊन उभी राहिली. सोबत तिची तेरा वर्षांची लेक. पोरगी वर्गात हुशार. परंतु विहारात वाचनाची पाळी आली की ती मागे सरकायची. वरचे समोरचे दात चांगलेच पुढे आलेले. बोलताना, हसताना ओढणीचे टोक तोंडावर असायचेच. शाळेतील पोरांनी तिला काय नाव पाडले होते, ते येथे लिहिण्याची आमची इच्छा नाही.

माउली म्हणाली, “भाऊ, शाळेतल्या बाई म्हणते, तार लावून दात मागं घेता येते. पण दात म्हंजे हाडात गाडलेला खुटा जी. खुटा हालवला का सैल होते. आज दात मागं घेतले अन् उद्या लग्नाच्या वक्ती ते गळलेच तं?”

वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न साधा होता. परंतु आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही पडलो कारकून. वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमा आणि नावे, शिल्लक आणि ताळेबंद एवढीच आमची विद्या. “पुढच्या रविवारी सांगतो, बाई” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली खरी, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग दंतवैद्यांना विचारले, पुस्तके पाहिली, ओळखीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्रास दिला. जे कळले ते त्या माउलीला सांगितले. आणि ते घरोघरी पोहोचावे म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहोत. कारण दाताच्या निमित्ताने निघालेली ही गोष्ट शेवटी आपल्या समाजाच्या रक्तापर्यंत जाऊन पोहोचली.

हाड म्हणजे दगड नव्हे

आपली पहिली चूक अशी की आपण हाडाला मेलेला दगड समजतो. स्मशानात शेवटी हाडेच राहतात, म्हणून ती कधी न बदलणारी, असा आपला समज होतो. परंतु जिवंत माणसाचे हाड सतत मोडले जाते आणि सतत बांधले जाते. प्रौढ माणसाच्या शरीरातील हाडांचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने बांधला जातो, असे शास्त्रज्ञ सांगतात. सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण आपण दर रविवारी ऐकतो. कायानुपस्सनेत शरीराचे भाग मोजताना दात, हाडे आणि हाडांतील मज्जा यांची नावे येतात. ते नुसते पाठ करण्यासाठी नाही. आपल्या जबड्यात याच क्षणी ती अनित्यता काम करीत आहे.

हे काम करणारे कामगार दोन प्रकारचे. एक हाड पोखरणाऱ्या पेशी. त्या आम्ल सोडून हाडातील चुना विरघळवतात. दुसऱ्या हाड बांधणाऱ्या पेशी. त्या आधी तंतूंचे जाळे विणतात आणि मग त्यात चुना भरतात. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिली बाजू खर्चाची आणि दुसरी जमेची. जोपर्यंत दोन्ही बाजू जुळतात, तोपर्यंत हाडाची शिल्लक कायम राहते. खर्च वाढला तर हाड ठिसूळ होते.

तिसऱ्या प्रकारच्या पेशी हाडाच्या आत कोंडून घेतलेल्या असतात. हाड बांधता बांधता त्या स्वतःच त्यात बुजल्या गेल्या. त्या निकामी मात्र नाहीत. हाडावर कुठे भार पडला, कुठे ताण आला, याची खबर त्याच देतात. त्यांना हिशेब तपासनीस म्हणायला हरकत नाही.

मूळपेशी : जिचा धंदा अजून ठरलेला नाही

हे कामगार येतात कोठून? येथे मूळपेशींचा संबंध येतो. मूळपेशी म्हणजे अशी पेशी की जिचा धंदा अजून ठरलेला नाही. ती आपल्यासारखीच दुसरी पेशी तयार करून आपली जागा राखते आणि गरज पडली की तिच्या वंशातील पेशी वेगवेगळी कामे उचलतात. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था माणसांनी लादली. निदान या पेशींच्या बाबतीत तरी शरीराने ती मानलेली नाही!

हाडाच्या मज्जेत दोन घराण्यांच्या मूळपेशी नांदतात. एका घराण्यातून रक्त तयार होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी सगळ्या तेथूनच. नवल असे की हाड पोखरणाऱ्या पेशीही याच रक्ताच्या घराण्यातल्या. दुसऱ्या घराण्यातून हाड, कूर्चा आणि चरबी यांच्या पेशी तयार होतात. हाड बांधणारे गवंडी या घराण्यातले. म्हणजे पाडणारा एका घरचा आणि बांधणारा दुसऱ्या घरचा, तरी दोघे एकाच ठिकाणी एकमेकांचे ऐकून काम करतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

दातांच्या बाबतीत आणखी एक ठेवा आहे. दात हाडात थेट चुन्याने चिकटवलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्या मध्ये तंतूंचा एक नाजूक पडदा असतो; जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. त्या तंतूंवर दात जणू झुल्यासारखा टांगलेला असतो. अमेरिकेतील संशोधकांनी काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या मुळांवरील हा पडदा तपासला आणि त्यात मूळपेशी असल्याचे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. त्याआधी २००० साली दाताच्या आतील गरात आणि २००३ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही अशा पेशी सापडल्या होत्या. जो दात आपण कौलावर फेकून देतो, त्यातही जीव उरलेला असतो.

तार लावल्यावर आत काय घडते?

आता माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. तारेने दातावर हलका दाब दिला की दात त्या पडद्यात एका बाजूला रेलतो. ज्या बाजूला तो रेलला तेथे पडदा दाबला जातो, मागच्या बाजूला तंतू ताणले जातात.

दाबाच्या बाजूला रक्ताचा प्रवाह कमी होतो. तेथील पेशी आणि हाडात बुजलेले ते तपासनीस रासायनिक निरोप पाठवतात. १९९७-९८ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी हा निरोप ओळखला. त्याला ‘रँकल’ असे नाव आहे. निरोप मिळताच रक्तातून आलेल्या पेशी एकमेकींत मिसळून हाड पोखरणाऱ्या मोठ्या पेशी बनतात आणि दातासमोरचे हाड खाऊ लागतात. या कामाला लगाम घालणारा दुसरा पदार्थही शरीरच तयार करते. गाडीला वेग आणि ब्रेक दोन्ही हवेत, तसेच हे.

ताणाच्या बाजूला उलटा व्यवहार. तेथे पडद्यातील मूळपेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते, त्यांच्यातून गवंडी तयार होतात आणि दात जेथून निघाला तेथील मोकळी जागा नव्या हाडाने भरून काढतात. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की हाडात बुजलेल्या पेशी एक पदार्थ सोडून या मूळपेशींना आवर घालत असतात आणि दातावर पडणाऱ्या भाराप्रमाणे तो आवर कमीजास्त होतो. याविषयीचे महत्त्वाचे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे खुंटा जमिनीतून ओढत नेला जात नाही. खुंट्याच्या पुढची माती हळूहळू उकरली जाते, मागची भरली जाते आणि खुंटा आपल्या खड्ड्यासह पुढे सरकतो! एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला जमा आणि ताळेबंद कायम. स्वीडनचे कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांच्या दातांवर केलेले प्रयोग १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे दोन बाजूंचे कोडे जगापुढे आहे. मूळपेशींनी त्यातील जमेची बाजू उलगडून दाखवली.

साधारणपणे दात महिन्याला एक मिलिमीटर सरकतो. संपूर्ण उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात, कधी अधिक. उपचार चालू असताना दात थोडा हलतो हे खरे. परंतु नवे हाड पक्के झाले की तो घट्ट बसतो. हाड पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात. तेच भरून पक्के व्हायला तीन-चार महिने लागतात. पाडणे लवकर होते, बांधणे उशिरा. हिरडीतील तंतू तर त्याहून हट्टी. जुन्या जागेची ओढ ते लवकर सोडत नाहीत. म्हणूनच तार काढल्यावर दात धरून ठेवणारी पट्टी, जिला रिटेनर म्हणतात, ती डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावीच लागते. पुष्कळ घरी तार निघाली की पट्टी कपाटात जाते आणि दोन वर्षांचा खर्च पाण्यात जातो.

घाई करणाऱ्याची पंचाईत

“जास्त जोर लावला तर लवकर होईल ना?” असे एका तरुणाने आम्हाला विचारले. याचे उत्तर ठाम नाही असे आहे. दात सरकवायला लागणारा दाब कोणत्या प्रकारची हालचाल हवी त्यावर ठरतो. बहुतेकदा तो ३५ ते १२० ग्रॅमच्या दरम्यान असतो. म्हणजे एका केळ्याच्या वजनापेक्षाही पुष्कळदा कमी! जोर जास्त झाला की पडद्यातील रक्त पूर्ण थांबते, तेथील पेशी मरतात आणि ती जागा काचेसारखी निर्जीव दिसू लागते. मग समोरून हाड पोखरणारे कोणी उरत नाही. मागच्या बाजूने, मज्जेकडून, हळूहळू पोखरण सुरू होते. तोवर दात दोन-दोन आठवडे जागचा हलत नाही. शिवाय हाडाबरोबर दाताचे मूळही झिजण्याची भीती असते. घाई केली आणि उशीर झाला, अशी गत होते.

जवळच्या एका खेड्यातील मुलाचे आम्ही पाहिले. समोरच्या दोन दातांतील फट मिटावी म्हणून त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून घरातलेच रबर दोन दातांभोवती घातले. फट मिटली, पण रबर हिरडीत वर सरकून दिसेनासे झाले. त्याला वाटले, पडले असेल. ते मात्र मुळांच्या दिशेने चढत गेले आणि वाटेतील सारे तंतू कापत गेले. दात हलू लागले तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. रबर निघाले, एक दातही गेला. मुलांच्या हाती अशी उसनी युक्ती लागू देऊ नका, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.

नागपूरला दातासाठी गेलो आणि…

आमच्या भागात दात सरकवण्याचे शिक्षण घेतलेले डॉक्टर सहज मिळत नाहीत. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथेही दंत महाविद्यालय आहे. त्या माउलीला आणि तिच्या लेकीला घेऊन आम्ही नागपूरचा रस्ता धरला. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. ज्या रस्त्याने आपण दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, तोच हा रस्ता.

तपासणी झाली, जबड्याचा क्ष-किरण फोटो निघाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी दाताविषयी न विचारता भलतेच प्रश्न सुरू केले. “हिचे हातपाय दुखतात का? पावसाळ्यात, थंडीत जास्त? डोळे कधी पिवळे होतात का? लवकर थकते का?” माउली म्हणाली, “दुखते जी. वाढत्या अंगाचं दुखणं म्हणून तेल लावून देतो.”

फोटोत दोन दातांच्या मुळांमध्ये हाडाच्या आडव्या रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. त्यावरून निदान होत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. पण हातपायांचे दुखणे, फिकट चेहरा आणि पुढे आलेला वरचा जबडा या सगळ्यांचा मेळ घालून त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. अहवाल आला. एसएस. सिकलसेलचा आजार.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही तिघेही फारसे बोललो नाही.

आता मघाशी सांगितलेली दोन घराण्यांची गोष्ट आठवा. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात. तूट भरून काढायला रक्ताच्या घराण्यातील मूळपेशी रात्रंदिवस राबतात. त्यांना जागा कमी पडते, मज्जा पसरते आणि वाढत्या वयात ती हाडाचा आकार बदलते. काही रुग्णांत वरचा जबडा त्यामुळे पुढे येतो, दातांत फटी पडतात. ज्या दातांवरून पोरीला चिडवले जात होते, ते दात तिच्या रक्ताची तक्रार सांगत होते. ऐकणारे कोणी नव्हते.

येथे गैरसमज नको. दात पुढे असणाऱ्या प्रत्येकाला सिकलसेल नसतो. बहुतेकांचे दात आनुवंशिक ठेवणीमुळे, अंगठा चोखल्यामुळे किंवा तोंडाने श्वास घेतल्यामुळे पुढे येतात. आणि सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाचे दात पुढे येतातच असेही नाही. परंतु आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवरील आपला लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी! तेव्हापासून किती पिढ्यांनी हे दुखणे बाहेरवसा, नजर, पूर्वजन्मीचे भोग म्हणून सोसले असेल? नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी संघटना उभारून आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. मार्ग मोकळे होत आहेत. त्यावर चालायचे आपल्याला आहे.

मग दातांचे काय झाले?

सिकलसेल असला म्हणून तार लावता येत नाही, असे नाही. मात्र पथ्य पाळावे लागते. आधी रक्ताच्या डॉक्टरांचा सल्ला. पोरीला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितले. प्रकृती स्थिरावली तेव्हा, काही महिन्यांनी, तार लागली. दाब नेहमीपेक्षा हलका, दोन भेटींमधील विसावा मोठा. दात उपटणे शक्य तितके टाळायचे. कारण या रुग्णांच्या जबड्याच्या हाडाला रक्त आधीच जपून मिळते आणि जंतुसंसर्ग झाला तर हाड सडू शकते. हिरडी स्वच्छ ठेवण्याला तर औषधाइतकेच मोल.

उपचाराला वेळ लागणार आहे. तिच्या शिल्लक वहीत पुंजी कमी आहे, खर्च बेताने करावा लागतो, असे आम्ही तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काका, मग व्याज तं मिळन ना?” पोरगी हुशार आहे हे आम्ही वर म्हटलेच आहे.

आपले पाणी आणि आपला खर्रा

पांढरकवडा भागातील वाचकांसाठी आणखी दोन शब्द. आमच्या परिसरातील भूजलात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त आहे. यावरील भूजल शास्त्रज्ञांचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहान वयात वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. हे डाग घासून जात नाहीत. तो घाणेरडेपणा नव्हे. अशा दातांवर तारेची बटणे चिकटवणे डॉक्टरांना अवघड जाते. हाडात साठलेले फ्लोराइड हाडाला दाट पण ठिसूळ करते, आणि पांढऱ्या उंदरांवरील काही प्रयोगांत फ्लोराइडमुळे दात सरकण्याची गती मंदावल्याचे दिसले आहे. म्हणून डॉक्टरांना आपले गाव आणि पाण्याचा स्रोत सांगावा. बोअरिंगचे पाणी तपासून घेण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे जरूर करावा. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्यासारखे कारकून कशासाठी आहेत?

खर्ऱ्याविषयी काय सांगावे! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी वऱ्हाडात शाळकरी पोरांच्या खिशातही सापडते. तिने हिरड्या खराब होतात, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची भीती. ज्या पडद्यातील मूळपेशींवर दाताचे सारे भवितव्य, तोच पडदा हिरडीच्या रोगाने नष्ट होतो. पाचव्या शीलाची आठवण रोज करायची आणि खिशात खर्रा ठेवायचा, हे आपल्याला शोभत नाही.

जाहिरातींना भुलू नका

मूळपेशींचे नाव निघाले की बाजार मागोमाग येतो. “बाळाचे दुधाचे दात आमच्या पेढीत ठेवा, पुढे सर्व रोगांवर उपयोगी पडतील” अशा जाहिराती शहरांत झाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार नाळेतील रक्त सोडून इतर जैविक पदार्थांच्या अशा पेढ्यांना परवानगी नाही. मूळपेशींचा सिद्ध झालेला नेहमीचा उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांवरील मज्जारोपण. जुळणारा भाऊ किंवा बहीण मिळाली तर त्याने सिकलसेलही बरा होऊ शकतो. मात्र तो खर्चिक आहे आणि जोखमीचाही. मूळपेशी टोचून दात झटपट सरकवणे अजून प्रयोगशाळेच्या पातळीवरच आहे. कोणी आज ते विकत असेल तर त्याला पुरावा मागा. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले तेच येथेही लागू : कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या.

घरोघरी एवढे करावे

पहिले, मूल सात-आठ वर्षांचे झाले की एकदा दात दाखवावेत. मोठेपणीही दात सरकतात, कारण हाडाचा जमाखर्च आयुष्यभर चालू असतो; परंतु जबड्याची वाढ चालू असताना काही गोष्टी सोप्या जातात. दुसरे, उपचारापूर्वी घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. हाडांच्या ठिसूळपणावरील काही गोळ्या पोखरणाऱ्या पेशींनाच रोखतात, म्हणून दात सरकत नाही. दुखले म्हणून मनाने गोळ्या घेऊ नयेत. काही वेदनाशामके निरोपाची साखळीच तोडतात. तिसरे, सर्वांनी सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर मुलांना आजार होत नाही. आपण लग्नात पत्रिका पाहणे सोडले, फार चांगले केले. त्या जागी आता दोघांच्या रक्ताचा अहवाल ठेवू या.

आणि चौथे. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, दात पुढे असलेली मुलगी अशी आणि तशी, हे बोलणे आपल्या घरांतून कायमचे हद्दपार करावे. मुलीला पाहायला येणाऱ्यांनी तिचे दात बैल पारखल्यासारखे पाहू नयेत. त्या पोरीचे नाव आम्ही येथे दिले नाही, ते याच कारणासाठी.

परवा पौर्णिमेला ती विहारात वाचायला बसली. तार अजून निघायची आहे, दातही पुरते मागे गेलेले नाहीत. दोन पाने वाचली. ‘श’ आणि ‘स’ तारेत थोडे अडकले. ओढणी खांद्यावरच होती. माउली मागच्या रांगेत होती, तिने आमच्याकडे पाहून विचारले, “भाऊ, दात हालते का नाही?” आम्ही म्हणालो, “हालतो बाई, अन् पुन्हा रुजतो.”

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!